मोबाईल सुरू होत नसल्यास दोष कसा शोधावा

शेतकऱ्याच्या उपयुक्त साधनांत आज मोबाईल फोनाची गणना करावी लागते. दिनांक १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या उभ्या पिकाची नोंद व छायाचित्र मोबाईलवरूनच करतो. पंतप्रधान किसान सन्मान निधीसाठी ओटीपीद्वारे ई-केवायसी करावयाची झाल्यास तो ओटीपी आधारशी जोडलेल्या क्रमांकावरच येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजांचा इशारा मोबाईलवरच देते. यास्तव ऐन हंगामात मोबाईल बंद पडला म्हणजे केवळ बोलण्याची गैरसोय होते असे नव्हे, तर नोंदी, पैसा व सुरक्षितता या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो.

फोन सुरू होत नाही असे दिसताच तो 'मेला' असे समजून दुकानात टाकण्याची अथवा नवा घेण्याची घाई पुष्कळदा केली जाते. वस्तुतः विहिरीवरील मोटर चालू होईनाशी झाली म्हणजे जाणता शेतकरी एकदम मोटर उकलीत नाही. प्रथम वीज आली आहे काय, फ्यूज शाबूत आहे काय व स्टार्टर ठीक आहे काय हे तो पाहतो. मोबाईलच्या बाबतीतही हीच रीत योग्य होय. बाहेरून आत, सोप्याकडून अवघडाकडे व बिनखर्चाकडून खर्चाकडे असा क्रम ठेवावा. हा क्रम ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वतः शिकून घ्यावा व शेतकऱ्यांसही शिकवावा, या हेतूने प्रस्तुत पाठ दिला आहे.

१. प्रथम नुसते पाहावे

कोणतेही बटण दाबण्यापूर्वी व चार्जर जोडण्यापूर्वी फोन हाती घेऊन नीट पाहावा. चार गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

(अ) फोनची पाठ फुगली आहे काय, अथवा पडदा कडेने उचलला गेला आहे काय? तसे असल्यास आतील बॅटरी फुगली आहे असे समजावे. असा फोन मुळीच चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. लिथियम-आयन बॅटरीस छिद्र पडल्यास ती पेट घेऊ शकते. फोन जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून जाणकार कारागिराकडे न्यावा. काढलेली बॅटरी उकिरड्यावर अथवा चुलीत टाकू नये. ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडेच द्यावी.

(आ) फोन ओला आहे काय? असल्यास पुढील परिच्छेद ६ प्रथम वाचावा.

(इ) फोन फार तापला आहे काय? उन्हाळ्यात ट्रॅक्टरवर अथवा बांधावर उन्हात राहिलेला फोन स्वतःच्या रक्षणासाठी बंद होतो व चार्जही घेत नाही. तो सावलीत ठेवून हळूहळू निवू द्यावा. शीतकपाटात ठेवू नये, कारण अतिशय थंड झालेल्या फोनच्या आत दव धरते.

(ई) कव्हर फार घट्ट आहे काय? घट्ट कव्हरामुळे बाजूचे बटण सतत दाबलेले राहिल्यास फोन सुरू होण्यात अडथळा येतो. म्हणून कव्हर काढूनच पुढील परीक्षा करावी.

२. फोन बंद आहे की केवळ पडदा?

ही परीक्षा सोपी असूनही बहुधा विसरली जाते. दुसऱ्या फोनवरून त्या क्रमांकास फोन लावावा. घंटी वाजली अथवा फोन थरथरला तर फोन चालू आहे, पडदा मात्र बिघडला आहे, असे निश्चित होते. फोन खाली पडल्यानंतर असा दोष विशेषेकरून आढळतो. अशा वेळी बॅटरी अथवा चार्जर बदलण्यात पैसा घालवू नये. दुरुस्ती पडद्याची करावयाची असते. घंटी वाजली नाही तरी फोन बंदच आहे असे मात्र म्हणता येत नाही, कारण तो मूक ठेवलेला असू शकतो. चार्जर जोडल्यावर तो थरथरतो काय अथवा काही आवाज येतो काय, हेही ध्यानात घ्यावे.

३. वीज फोनपर्यंत पोहोचते काय?

वीज फोनपर्यंत येण्याच्या वाटेवर चार ठिकाणे आहेत : भिंतीवरील सॉकेट, चार्जर, केबल व फोनचे चार्जिंगचे तोंड. एका वेळी एकच गोष्ट बदलून परीक्षा करावी. सर्व गोष्टी एकदम बदलल्यास फोन सुरू होईल, परंतु दोष कोठे होता ते कळणार नाही.

सॉकेट : त्याच सॉकेटवर दिवा अथवा दुसऱ्याचा फोन लावून पाहावा.

चार्जर : बहुतेक चार्जरवर '१०० ते २४० व्होल्ट' असे छापलेले असते. गावातील न्यूट्रल तार तुटल्यास घरातील दाब २३० व्होल्टांवरून ४०० व्होल्टांच्या जवळपास जाऊ शकतो. अशा प्रसंगानंतर फोन चार्ज होईनासा झाल्यास प्रथम चार्जर जळाल्याचा संशय घ्यावा. चालू असलेल्या फोनचा चार्जर मागून घेऊन त्यावर आपला फोन लावून पाहावा.

केबल : केबल बहुधा टोकाजवळ, जेथे ती वारंवार वाकते तेथे, आतून तुटते, बाहेरून ती शाबूत दिसते. दुसरी केबल लावून पाहणे हीच खरी परीक्षा होय.

चार्जिंगचे तोंड : खिशात राहणाऱ्या फोनच्या तोंडात माती व धागे जमतात. कापूस वेचणीच्या दिवसांत रुई व खत टाकण्याच्या दिवसांत खताची धूळ आत जाते. युरिया हवेतील ओलावा ओढून घेतो, त्यामुळे आतील धातूचे स्पर्शबिंदू गंजतात. केबल पूर्ण आत बसत नसेल किंवा सैल हलत असेल, तर आत कचरा आहे असे समजावे. फोन बंद असताना उजेडात पाहून कोरड्या लाकडी दातकोरणीने कचरा हलकेच बाहेर काढावा. सुई, टाचणी अथवा तार घालू नये. तिने आतील नाजूक पट्टी मोडते. पाणी, रॉकेल अथवा तेल लावू नये व तोंडाने फुंकर मारू नये, कारण श्वासातील ओलावा आत जातो.

४. अर्धा तास धीर धरावा

चांगला चार्जर व स्वच्छ तोंड यांची खात्री झाल्यावर फोन किमान ३० मिनिटे चार्जिंगला लावून ठेवावा व त्या वेळात बटणे दाबू नयेत. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोबाईलमधील लिथियम-आयन बॅटरी साधारण ३.७ व्होल्ट दाबाची असते. दाब ठराविक मर्यादेखाली जाऊ लागताच फोन आपण होऊन बंद होतो. असा फोन पुष्कळ दिवस तसाच पडून राहिला तर बॅटरी आणखी उतरते. अशी उतरलेली बॅटरी एकदम जोराचा प्रवाह घेत नाही. आरंभी थोडा थोडा प्रवाह देऊन तिचा दाब वर आणावा लागतो. या काळात पडद्यावर काहीच दिसत नाही. पाच मिनिटांत चिन्ह दिसले नाही म्हणून चार्जर काढून घेणारा मनुष्य चांगला फोनही नादुरुस्त ठरवितो.

विजा चमकत असताना मात्र फोन चार्जिंगला लावू नये व त्या स्थितीत हाताळू नये.

५. सक्तीने पुन्हा सुरू करणे

पुष्कळदा बॅटरी भरलेली असते, परंतु फोनच्या आतील कार्यप्रणाली अडकून पडलेली असते. पडदा काळा असतो व बटणास दाद मिळत नाही. अशा वेळी फोन सक्तीने पुन्हा सुरू करावा. याने आत साठविलेली छायाचित्रे व नोंदी पुसल्या जात नाहीत.

(अ) अँड्रॉइड फोन : चालू-बंदचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे. दाद न मिळाल्यास हेच बटण व आवाज कमी करण्याचे बटण ही दोन्ही एकदम १० ते २० सेकंद दाबून धरावीत.

(आ) आयफोन ८ व त्यानंतरचे आयफोन : आवाज वाढविण्याचे बटण दाबून लगेच सोडावे, नंतर आवाज कमी करण्याचे बटण दाबून लगेच सोडावे, व त्यानंतर बाजूचे बटण पडद्यावर चिन्ह येईपर्यंत दाबून धरावे.

(इ) बॅटरी निघणारा साधा फोन : बॅटरी काढून एक मिनिट थांबावे, तिचे व फोनचे पिवळे स्पर्शबिंदू कोरड्या स्वच्छ कापडाने पुसावेत व बॅटरी पुन्हा घट्ट बसवावी.

कंपनीचे चिन्ह दिसून फोन पुन्हा पुन्हा बंद होत असल्यास मेमरी कार्ड काढून एकदा प्रयत्न करावा. बटणे दाबताना कधी कधी इंग्रजी अक्षरांची एक यादी पडद्यावर येते. त्या यादीत 'रिबूट सिस्टीम नाऊ' हा पर्याय निर्धोक आहे. 'वाइप डेटा' अथवा 'फॅक्टरी रीसेट' हा पर्याय मात्र फोनमधील सर्व छायाचित्रे, नाव-क्रमांक व अद्याप न पाठविलेल्या नोंदी कायमच्या पुसून टाकतो. तो न समजता कधीही निवडू नये, व कारागिराने तसे करण्याचे सुचविल्यास काय जाणार हे आधी विचारून घ्यावे.

६. भिजलेल्या फोनची निगा

भातलावणीच्या व पावसाच्या दिवसांत फोन भिजण्याचे प्रसंग अधिक येतात. पाण्याने जेवढे नुकसान होते त्याहून अधिक नुकसान ओल्या फोनमध्ये वीज सोडल्याने होते. यास्तव भिजलेला फोन चालू असल्यास तत्काळ बंद करावा; बंद असल्यास सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा व चार्जर मुळीच लावू नये. सिमचा खण बाहेर काढावा. बॅटरी निघत असल्यास तीही काढावी. सुती कापडाने फोन पुसून, चार्जिंगचे तोंड खाली करून हलकेच झटकावा व मोकळी हवा खेळेल अशा सावलीच्या जागी एक ते दोन दिवस ठेवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात तापवू नये.

फोन तांदळात पुरून ठेवण्याची चाल सर्वत्र आढळते. ती उपयोगाची नाही; तांदळाचे बारीक कण व भुसा तोंडातून आत जाऊन नवा दोष उत्पन्न होतो. आयफोन बनविणाऱ्या ॲपल कंपनीनेही असे न करण्याची सूचना दिलेली आहे. फोन फवारणीच्या द्रावणात, खताच्या पाण्यात अथवा खाऱ्या पाण्यात पडला असल्यास पाणी वाळले तरी क्षार आत राहून गंज चढवितात. असा फोन वाळण्याची वाट न पाहता लवकर कारागिराकडून आतून स्वच्छ करून घ्यावा.

७. फोन बंद असला तरी क्रमांक बंद पडू देऊ नये

ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. शेतकऱ्याचा क्रमांक फोनमध्ये नसून सिम कार्डात असतो. फोन दुरुस्त होईपर्यंत सिम काढून घरातील विश्वासाच्या माणसाच्या फोनमध्ये घातल्यास त्याच क्रमांकावरील फोन व ओटीपी तेथे येऊ लागतात. नव्या फोनचे लहान सिम जुन्या साध्या फोनमध्ये बसविण्यास प्लास्टिकची जोडपट्टी लागते. ती मोबाईलच्या दुकानात मिळते. सिम अनोळखी माणसाच्या फोनमध्ये घालू नये, कारण ओटीपी हाती पडणे म्हणजे खात्याची किल्ली हाती पडणे होय.

बंद फोन सिमसह महिनोन्महिने कपाटात ठेवून देणे धोक्याचे आहे. सलग ९० दिवस काहीही वापर न झाल्यास प्रीपेड क्रमांक बंद केला जाऊ शकतो व पुढे तो दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. हाच क्रमांक आधारशी व बँकेशी जोडलेला असल्यास होणारा त्रास फोनच्या किंमतीपेक्षा कितीतरी अधिक असतो.

८. कारागिराकडे केव्हा व कसे जावे

वरील सर्व परीक्षा करूनही फोन सुरू न झाल्यास बॅटरी, चालू-बंदचे बटण अथवा आतील मुख्य पट्टी यांत दोष आहे असे समजावे. येथे घरगुती उपाय थांबवावेत. दुकानात देण्यापूर्वी सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे. खोक्यावर अथवा बिलावर छापलेला १५ अंकी आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवावा, पावती घ्यावी व खर्चाचा अंदाज आधी विचारावा. आपण कोणत्या परीक्षा केल्या हे सांगितल्यास कारागिराचा वेळ व आपला पैसा वाचतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

गावसभेच्या अथवा शेतीशाळेच्या दिवशी या पाठाचे प्रात्यक्षिक अर्ध्या तासात दाखविता येईल. त्यासाठी एक चालू चार्जर, दोन प्रकारच्या केबली, लाकडी दातकोरणी, सिम काढण्याची पिन व सिमची जोडपट्टी एवढे साहित्य पिशवीत असावे. बंद पडलेले फोन घेऊन येण्यास शेतकऱ्यांस आधी कळवावे व प्रत्येकाने आपल्या हाताने क्रमवार परीक्षा करावी असा आग्रह धरावा. महत्त्वाचे क्रमांक वहीत लिहून ठेवण्याची सवयही त्याच वेळी लावावी.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. फुगलेला फोन चार्ज करू नये. ओल्या फोनमध्ये वीज सोडू नये.
२. दुसऱ्या फोनवरून घंटी देऊन पडद्याचा दोष ओळखावा.
३. सॉकेट, चार्जर, केबल व तोंड यांची एकेक करून परीक्षा करावी.
४. अर्धा तास चार्ज करावा, नंतर बटण ३० सेकंद दाबून धरावे.
५. 'फॅक्टरी रीसेट' न समजता करू नये.
६. सिम काढून क्रमांक चालू ठेवावा.