एक खोली, आठ इयत्ता

प्रश्न : लॉरा इंगल्स वाइल्डरच्या पुस्तकात लॉरा सोळा पूर्ण व्हायच्या आतच शाळेत शिकवायला लागते. अमेरिकेच्या गवताळ मुलखात एका खोलीच्या अशा शाळा खरंच होत्या का? एकटी बाई सगळ्या इयत्ता सांभाळायची तरी कशी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : होत्या, आणि थोड्याथोडक्या नव्हेत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत एकशिक्षकी शाळांची संख्या दोन लाखांच्या घरात होती. 1862च्या कायद्याने कुटुंबागणिक 160 एकर जमीन मिळाली, त्यामुळे घरं एकमेकांपासून लांब पडली. मुलं पायी येणार, म्हणजे दोन-तीन मैलांत शाळा हवीच. 1785पासून सरकारी मोजणीत दर 36 चौरस मैलांतला सोळावा तुकडा शाळेसाठी राखलेला असे. पण शाळा तिथेच उभी राही असं नाही. त्या जमिनीच्या विक्रीतून किंवा खंडातून पैसा यायचा, शाळा मात्र एखाद्या शेतकऱ्याने दिलेल्या कोपऱ्यात. नेब्रास्का-डाकोटात लाकडाची वानवा, म्हणून काही शाळांच्या भिंती मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीच्या ठोकळ्यांच्या होत्या.

आता बाईंचं. सकाळी आधी स्टोव्ह पेटवायचा, मग हजेरी. पुढे एक रिकामा बाक असे. एकेका इयत्तेला तिथे बोलवायचं, दहा मिनिटांत धडा म्हणवून घ्यायचा, तोवर बाकीचे पाटीवर गणितं सोडवत. थोरली मुलं धाकट्यांचे पाढे घेत. धाकटी कानावर पडलेलं वरच्या इयत्तेचं उचलत. माझ्या मते या शाळांची खरी ताकद हीच. पण बाई कच्च्या निघाल्या, तर मुलाची आठही वर्षं वाया! बऱ्याच बाई स्वतः आठवी आणि जिल्ह्याची परीक्षा एवढ्यावरच आलेल्या. थोराड मुलगे शेतीची कामं उरकल्यावर, हिवाळ्यातच येत. त्यांतले काही बाईंच्याच वयाचे. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. तिथे कित्येक ठिकाणी बाईच पालकांच्या घरी आळीपाळीने राहत.

सगळ्यांत मोठी जबाबदारी मात्र शिकवण्याची नव्हतीच. 12 जानेवारी 1888 रोजी सकाळी हवा उबदार होती, म्हणून मुलं जाड कोटांशिवाय आली. मग अचानक हिमवादळ आलं. त्यात दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यांत शाळकरी मुलं बरीच. नेब्रास्कातल्या मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या शाळेचं छप्पर उडालं, तेव्हा तिने मुलांना जवळच्या शेतघरापर्यंत सुखरूप नेलं. सगळ्यांना एका दोरीने बांधून नेल्याची गोष्ट पुढे वर्तमानपत्रांतून गाजली. दोरीच्या या गोष्टीबद्दल मात्र वाद आहे.

या शाळा संपवल्या त्या चांगल्या रस्त्यांनी आणि बसने. पायी चालायचं अंतर हेच शाळेचं कारण होतं. ते उरलं नाही, तशा छोट्या शाळा गावातल्या मोठ्या शाळांत विलीन झाल्या. 1939मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या परिषदेत शाळेच्या बसचा पिवळा रंग ठरला. रिकाम्या इमारती कुठे सभागृह झाल्या, कुठे धान्याचं कोठार. मोंटानात मात्र काही एकशिक्षकी शाळा अजून भरतात.