आराखडा हाती देण्याआधी

‘अभ्यासक्रम काय, पुण्याहून येतो!’ हे स्टाफरूममधलं वाक्य अर्धंच खरं. घटक आणि श्रेयांक विद्यापीठ ठरवतं. पण अध्यापन आराखडा, चाचण्यांच्या तारखा, अंतर्गत मूल्यमापनाची रीत आपल्याच हाती असते. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो, तिथे आमच्या विभागाचा आराखडा एका वर्षी पार फसला.

पानं देखणी होती. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आणि स्कॅन करून ग्रुपवर टाकलेली. वर्गातल्या एका दृष्टिहीन मुलाच्या मोबाईलवरचं, पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक त्यांवर मुकंच राहिलं. टॉकबॅकच्या लेखी तो नुसता फोटो. मूळ फाइल दिली, तर ते इंग्रजी अक्षरांचा कालवा वाचू लागलं. सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप होईतो पहिली चाचणी उरकलीही होती. तेव्हा फाइल वाटण्याआधी ती आपल्याच मोबाईलवर टॉकबॅक लावून ऐका.

चाचणीची तऱ्हाही तशीच. सकाळी साडेसातची वेळ! पेठ-हरसूलची मुलं पहिली एसटी धरूनही वेळेत पोहोचेनात. दिंडोरी-निफाडकडे ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, तर पश्चिमेच्या भातपट्ट्यात जुलैत आवणी, म्हणजे भातलावणी. घरातला तरणा हात तेव्हा वर्गात कसा असेल? तारखा छापण्याआधी मुलांना गाव, गाडी आणि शेतीची कामं विचारून घ्या. दोन तारखा ठेवून एक निवडू द्या. एका घटकावर लेखी उत्तराऐवजी तोंडी मांडणी चालवा. त्यात घरची कोकणा बोली आली तर गुण कापू नका. हजेरीचे गुण मात्र मी काढूनच टाकीन. ते अभ्यासाचे नसतात, एसटीचे असतात.

‘मग दर्जाचं काय?’ असं सहकारी विचारतात. प्रश्न तेवढेच अवघड ठेवा की! याच रस्त्याने पुढे गोवर्धनला १९८९ साली स्थापन झालेलं मुक्त विद्यापीठ आहे. विद्यार्थ्याची अडचण आधीच धरून कसं आखायचं, ते पाहायला त्याचं एखादं पाठ्यपुस्तक चाळा. शिक्षक समोर नाही हे धरून घटक रचलेला, उद्दिष्टं आधीच सांगितलेली. आपण ती परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगतो!

आणखी एक. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर केंद्राने २०१८मध्ये परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा द्यावीत, असं त्यांत सांगितलं. वर्गचाचणीलाही हाच नियम लावा, आणि तो शेवटच्या पानावरच्या टिपेत नको; पहिल्या पानावर, तारखांच्या शेजारी छापा. म्हणजे कुणाला केबिनबाहेर अर्ज घेऊन ताटकळावं लागणार नाही.