शब्दओळख : नाझीर

मागच्या सुट्टीत नातवाला घेऊन यरुशलायीमच्या जुन्या शहरात गेले होते. समोरून काळा झगा घातलेले, लांब दाढीचे, गळ्यात क्रूस असलेले एक गृहस्थ आले. नातू म्हणाला, "आजी, नाझीर बघ!" त्याचं काही चुकलं नव्हतं. आजच्या हिब्रूत ख्रिस्ती संन्याशाला नाझीरच म्हणतात आणि त्याच्या मठाला मिनझार. पण मला हसू आलं. आमच्या घरात नाझीर म्हटलं की माझे थोरले काका! आणि काका मुंबईच्या गिरणीत कामाला होते, चार मुलांचे बाप होते.

मुलांनो, एकच शब्द मठातल्या माणसाला आणि काकांनाही कसा लागू झाला, ते आज पाहू.

शब्दाची अक्षरं नून, झाइन, रेश. मूळ अर्थ वेगळं काढणं, राखून ठेवणं. शेमिताच्या वर्षी ज्या द्राक्षवेलींची छाटणी करायची नाही, त्यांनाही तोरा (वायिक्रा 25) नाझीरच म्हणते. कोहेन गादोलच्या कपाळावरचा मुकुट तो नेझेर. नाझीराचे न कापलेले केस हाच त्याचा नेझेर, असं तोरा सांगते.

आपल्या मराठीतही या शब्दाचं एक भावंड आहे. 'राजाला हत्ती नजर केला' असं आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचायचो. त्यातला 'नजर' आणि 'नजराणा' हे अरबी 'नज्र' म्हणजे नवस या शब्दावरून आले, आणि तो आपल्या हिब्रू शब्दाच्याच कुळातला. मात्र बाळाला लागते ती नजर आणि कचेरीतला नाझर वेगळे. ते 'पाहणे' या अर्थाच्या दुसऱ्या अरबी धातूचे. तसंच ख्रिस्ती माणसाला हिब्रूत नोत्स्री म्हणतात, त्यात त्सादी आहे, झाइन नाही. कानाला शब्द जवळचे वाटतात, म्हणून लिहून पाहावं.

आता नियम. ते बमिदबारच्या 6व्या अध्यायात आहेत. पुरुष असो वा स्त्री, नाझीराचा नवस बोलला की तीन गोष्टी वर्ज्य. द्राक्षारस, आणि द्राक्षाचं काहीही, अगदी बी आणि सालसुद्धा. डोक्याला वस्तरा नाही. आणि मयताला शिवायचं नाही, मग ते आईबापाचं का असेना. मुदत सांगितली नसेल तर मिश्ना 30 दिवस धरते. मुदत भरली की बेत हामिकदाशमध्ये अर्पणं करायची, केस उतरवायचे आणि ते अर्पणाखालच्या विस्तवात घालायचे. मग द्राक्षारस प्यायला मोकळा!

यात घर सोड, लग्न करू नको, रानात जाऊन बस, असं कुठे आहे का? शोधून पाहा, सापडणार नाही. आपल्या मराठीत 'संन्यास' म्हणजे सगळं खाली ठेवून देणं. ग्रीकमधला संन्याशाचा शब्द 'एकटा' या अर्थाचा. नाझीर ना सगळं टाकतो, ना एकटा राहतो. शिमशोन तर आईच्या पोटापासून नाझीर, आणि त्याच्या भानगडी तुम्हाला ठाऊकच आहेत! अदियाबेनेची राणी हेलेना हिनेही 7 वर्षांचा नवस केला होता. आपल्या काळात रब्बी कूक यांचे शिष्य रब्बी दाविद कोहेन (1887–1972) यरुशलायीममध्ये 'हानाझीर' म्हणूनच ओळखले जात. त्यांना बायको होती, मुलंबाळं होती. नाझीराला शेवटी पापार्पण का द्यावं लागतं, यावर रब्बी एलाझार हाकप्पार म्हणतात, त्याने द्राक्षारसाचं सुख स्वतःला नाकारलं म्हणून. मला हे उत्तर फार आवडतं. सगळ्यांना पटलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

मग आमचे काका? कोकणात आपल्या बायका मूल होत नसलं की हन्नासारखा नवस बोलत : मुलगा होऊ दे, त्याला नाझीर करीन. मुलगा झाला की सहा-सात वर्षं केसांना कात्री नाही. मग केस उतरवून चांदी किंवा सोन्याबरोबर तोलायचे आणि तेवढं दान करायचं. हाईम शमुवेल केहिमकर यांनी 1897 साली लिहून पूर्ण केलेल्या, आणि 1937 साली तेल अवीवला छापल्या गेलेल्या, आपल्या लोकांच्या इतिहासात ही चाल नोंदवली आहे. आजी सांगायची, काकांची वेणी कंबरेपर्यंत होती, आणि मुली चिडवत म्हणून ते विहिरीकडे जायचेच नाहीत. केस तोलण्याची चाल कोकणातल्या मुसलमान शेजाऱ्यांकडेही होती. शेजाराने शेजाराकडून घेतलं असेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

इथे आल्यावर एका विद्वान गृहस्थांनी मला ऐकवलं, "तुमचे ते नाझीर खरे नव्हेतच." उत्तर सुचलं नाही, राग मात्र आला. घरी येऊन मासेखेत नाझीर उघडली. तर गृहस्थ बरोबर निघाले, माझ्या अंदाजापेक्षा जास्तच! चौथ्या अध्यायात लिहिलंय, बाप मुलाला नाझीर करू शकतो, आई करू शकत नाही. शिवाय आमचे काका दर शुक्रवारी किद्दुशला भिजवलेल्या काळ्या मनुकांचं सरबत पीत, आणि मनुका तर नाझीराला वर्ज्य. आपल्याकडे नियमांतले केस तेवढे उरले होते.

पण त्याच मासेखेतच्या अगदी शेवटी मिश्ना विचारते, हन्नाचा शमुवेल नाझीर होता की नाही? रब्बी नेहोराय म्हणतात होता, रब्बी योसे म्हणतात नव्हता. वस्तरा लागू देणार नाही हे शब्द बोलली ती हन्ना, म्हणजे आईच. मी ते पान दोनदा वाचलं. ज्या प्रश्नावर तिथे दोन मतं नोंदली गेली, त्यात माझ्या पणजीला एका वाक्यात खोटं ठरवायची घाई मी तरी करणार नाही. तिच्यापाशी मिश्ना नव्हती, हन्नाची गोष्ट होती.

पुढच्या वर्गासाठी : घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा, आपल्या घराण्यात कोणी नाझीर होतं का, केस कुठे उतरवले, चांदी कुणाला दिली. उत्तर मराठीत लिहून आणा, आणि 'नाझीर', 'नेझेर', 'नोत्स्री' हे तीन शब्द हिब्रू अक्षरांत.