यवन म्हणजे कोण?



मागच्या सत्रात आठवीच्या वर्गात विदिशेचा गरुडस्तंभ शिकवत होतो. फळ्यावर लिहिले, "तक्षशिलेच्या यवनाने वासुदेवासाठी उभारलेला स्तंभ." तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही चुकून यवन लिहिलंत. यवन तर आपले शत्रू होते ना? ते देवासाठी खांब कशाला उभारतील?" वर्गात कोणी हसले नाही. सगळ्यांच्या मनात तेच होते. शिवकालाच्या गोष्टींतून, नाटकांतून, आजी-आजोबांच्या तोंडून हा शब्द तसाच तर ऐकू येतो. तास संपला, उत्तर संपले नाही. पुढे पालकसभेतही दोघांनी हेच विचारले, म्हणून हा लेख मोठ्यांनीही वाचावा.

भंवरकुआंच्या चौकातून खंडवा रस्त्याला लागलो की विद्यापीठाचा तक्षशिला परिसर येतो. आपल्यातले कितीतरी जण रोज त्यावरून जातात. मूळ तक्षशिला आज पाकिस्तानात, रावळपिंडीजवळ आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ११० च्या सुमारास तिथे अंतलिकित नावाच्या ग्रीक राजाची सत्ता होती. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर बॅक्ट्रिया, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाच्या उत्तर भागात, ग्रीक लोक स्थायिक झाले आणि त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी हिंदुकुश ओलांडून पंजाबपर्यंत राज्ये केली. अंतलिकिताच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरे आहेत, तर दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत.

या राजाने आपला वकील आपल्या माळव्यात, विदिशेचा राजा काशीपुत्र भागभद्र याच्याकडे पाठवला. वकिलाचे नाव हेलिओदोर, दियाचा मुलगा. हजार किलोमीटरहून अधिक वाट तुडवून तो आला आणि इथे त्याने वासुदेवाच्या मंदिरापुढे दगडी गरुडध्वज उभारला. हे सारे कोणा इतिहासकाराचे अनुमान नाही. खांबावर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत त्यानेच कोरून ठेवले आहे. लेखात तो स्वतःला "योनदूत" म्हणतो आणि "भागवत"ही म्हणतो. भागवत हा शब्द आपल्या घरात नवा नाही. वारकरी आपल्या पंथाला भागवत धर्मच म्हणतात. हेलिओदोर वारकरी होता असे मात्र कोणी समजू नये! मधे बाराशे-तेराशे वर्षे आहेत. पण वासुदेवाच्या भक्ताला त्या काळीही भागवतच म्हणत.

काही विद्वान म्हणतात की ही वकिलाची मुत्सद्देगिरी असेल, यजमानाला खूष करण्याची. असेलही. परंतु खांबावर दुसराही एक छोटा लेख आहे. त्यात अमृताकडे नेणारी तीन पावले सांगितली आहेत: दम, त्याग आणि अप्रमाद. हे तिन्ही शब्द महाभारतातही एकत्र येतात. नुसते राजाला खूष करायला आलेल्या माणसाला एवढ्या खोलात जायची गरज नव्हती, असे मला वाटते.

आणखी एक गंमत पाहा. लेखात भागभद्राला "त्रातार" म्हटले आहे. ही पदवी आपल्याकडच्या राजांची नव्हे. ग्रीक राजे स्वतःला "सोटर" म्हणजे रक्षणकर्ता म्हणवून घेत, त्याचे हे प्राकृत रूप. मिनँडरच्या नाण्यांवर ते आहे. हा मिनँडर म्हणजे बौद्ध ग्रंथातला मिलिंद राजा, ज्याच्या नावाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय काढले. म्हणजे पाहुण्याने यजमानाचा देव घेतला आणि यजमानाला आपल्या मुलखातली पदवी दिली.

या खांबाची पुढची हकीकत तर शिकवताना मलाच सर्वांत आवडते. शतके लोटली, मंदिर गेले, वरचा गरुड गेला, हेलिओदोराचे नाव कोणाच्या ध्यानात राहिले नाही. पण गावकऱ्यांनी खांबाला सोडले नाही. तो "खांबबाबा" झाला आणि त्याला शेंदूर चढू लागला. इतका, की १८७७ साली पुरातत्त्ववेत्ते कनिंगहॅम तिथे येऊन गेले तरी त्यांना अक्षरे दिसली नाहीत. आकारावरून त्यांनी खांब गुप्तकाळातला ठरवला. १९०९ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातले अभियंता लेक यांना शेंदराखाली अक्षरे असावीत असा संशय आला, थर काढला गेला आणि खांब एकदम पाचशेहून अधिक वर्षांनी जुना ठरला. शेंदराने लेख झाकला हे खरे, पण त्याच शेंदराने तो ऊनपावसापासून जपलाही असणार. १९१३ ते १५ मध्ये देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी तिथे उत्खनन केले. पुढे १९६३ ते ६५ मध्ये म. द. खरे यांच्या उत्खननात खांबाहूनही जुन्या लंबगोल मंदिराचा पाया आणि ओळीने उभ्या केलेल्या इतर खांबांचे खड्डे सापडले. यांतले भांडारकर मराठी, हे सहज सांगून ठेवतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. ग्रीकांतल्या आयोनियन लोकांना इराणी "यौन" म्हणत. त्याचे प्राकृतात "योन" आणि संस्कृतात "यवन" झाले. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कोणालाही यवन म्हणू लागले. मध्ययुगात हा शब्द मुसलमानांना लावला गेला आणि तुर्क, पठाण, मोगल, अरब, हबशी असे सारे एकाच नावाखाली गेले. मराठी बखरींत आपल्याला भेटतो तो हा उशिराचा अर्थ.

जुना अर्थ आपल्याच मुलखात, तोही कुठे, तर शिवनेरीवर दगडात कोरलेला आहे. जिथे १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला, त्याच डोंगराच्या कड्यात दीड हजार वर्षांपूर्वीपासून बौद्ध लेणी होती. तिथल्या एका लेखात यवन चिट याने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिल्याचे लिहिले आहे, तर दुसऱ्यात यवन इरिल याने पाण्याची टाकी दिल्याचे. कार्ले येथील चैत्यात यवनांनी दिलेले खांब आहेत. नाशिकच्या एका लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडचा योनक. बापलेकांची नावे वाचून तो यवन असेल असे कोणाला तरी वाटेल का?

देणेघेणे शब्दांतही राहिले. भूमितीतले वर्तुळाचे "केंद्र" हे ग्रीक "केंट्रॉन". ज्योतिषाच्या ग्रंथांतून ते आपल्याकडे आले, आणि आज भंवरकुआंवर परीक्षा केंद्रापासून झेरॉक्स केंद्रापर्यंत जिकडेतिकडे लटकलेले दिसते. बाजारातला "दाम" हा ग्रीकांच्या द्राख्मा नाण्याचा, मधल्या "द्रम्म"चा वंशज.

सुट्टीत भोपाळ-सांचीच्या बाजूला गेलात तर विदिशेला जरूर उतरा. बेस नदीच्या काठी खांब उभा आहे, खाली आठ पैलूंचा, मग सोळा, मग बत्तीस. लेख खालच्या आठ पैलूंच्या भागावर आहे. जाण्यापूर्वी वर्गातला ब्राह्मीचा तक्ता वहीत उतरवून घ्या. "ग" अगदी सोपा, घराच्या उतरत्या छपरासारखा. "न" म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ, "व" म्हणजे गोलाच्या डोक्यावर काडी, आणि "य" बोटीच्या नांगरासारखा. त्या मुलीने तीन अक्षरे जोडून फळ्यावर "यवन" लिहिले. "व"ची काडी तिने खाली काढली होती, ती पुसून वर काढली.