ऑक्सिजन चेंबर आणि तुमच्या गोळ्या

मधुमेहातली पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तेव्हा काही रुग्णांना हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी सुचवतात. बंद चेंबरमध्ये हवेच्या नेहमीच्या दाबाच्या २ ते २.५ पट दाबाखाली दीड-दोन तास शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा, तोही बहुधा २० ते ४० वेळा. एवढ्या ऑक्सिजनने रोजची औषधं लवकर ‘जळून’ जातील की अंगात साठतील, ही शंका अगदीच बिनबुडाची नाही. ऑक्सिजन वाढला की रक्तवाहिन्या आकसतात, नाडी मंदावते, हृदय थोडं कमी रक्त ढकलतं. प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधाचा निचरा यकृताकडे किती रक्त जातं यावर ठरतो, म्हणून त्याची पातळी कागदावर तरी वाढायला हवी. पण हा बदल बराचसा चेंबरमधल्या वेळेपुरता असतो. जेंटामायसिन किडनीवाटे बाहेर पडतं. ते निरोगी स्वयंसेवकांना देऊन १९९३ साली तपासलं, तेव्हा त्याच्या निचऱ्यात फरक आढळला नाही. निरोगी माणसाचं ठीक, किडनी थकलेल्या मधुमेहीचं काय, असं कुणी विचारेल. आक्षेप रास्त आहे, पण अशा रुग्णाचे डोस किडनीच्या तपासण्या पाहूनच ठरवायचे असतात, चेंबर असो वा नसो.

माझ्या मते खरी काळजी वेगळीच आहे. औषध शरीरातून किती वेगाने जातं यापेक्षा ते ऑक्सिजनसोबत काय करतं, हे महत्त्वाचं. दारू सोडण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिराम घ्या. ऑक्सिजनचे घातक अंश निष्प्रभ करणारं एन्झाइमच ते रोखतं, म्हणजे पहारेकऱ्यालाच सुट्टी. कर्करोगावरच्या ब्लिओमायसिनने फुप्फुसांना, तर डॉक्सोरुबिसिनने हृदयाला इजा होऊ शकते. त्यात दाबाखालचा ऑक्सिजन भर घालेल ही भीती असते. ट्रॅमाडॉलसारखी काही औषधं मेंदूला झटक्याच्या जवळ नेतात, आणि ऑक्सिजनचा अतिरेकही तेच करतो. सगळ्यांत नेहमीचा प्रश्न मात्र साखरेचा. चेंबरमध्ये मधुमेहींची साखर उतरू शकते, आणि इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी आत बसलेल्याला ते तिथेच जाणवतं. म्हणून साखर आधी आणि नंतर तपासायची. पण मनानेच इन्सुलिन बंद करून जाणं हाही उपाय नव्हे.

तेव्हा पहिल्या बैठकीआधी गोळ्या, इंजेक्शनं, पॅच, मलम, पूर्वी झालेली केमोथेरपी, सगळं कागदावर लिहून न्या आणि चेंबरच्या डॉक्टरांना दाखवा. दारूवरची गोळी लाजून लपवू नका.