भराव पडण्याआधी

भिवंडी, कार्तिक

चि. बाळू,

काल्हेरच्या जागेवर पायाची खोदाई सुरू झाल्याचे ताईकडून कळले. ठेकेदाराने दिलेला दरांचा कागदही तिने मोबाइलवर पाठवला. त्यात वॉटरप्रूफिंगखाली गच्ची आहे, संडास-बाथरूम आहे. पायासमोर मात्र नुसती आडवी रेघ. गच्ची गळली तर पुढच्या उन्हाळ्यात कोबा उखडून नवा घालता येतो. पायाला एकदा भराव पडला, वर फरशी बसली, की खाली काय केले आणि काय राहिले हे कुणालाच दिसत नाही.

आधी पाण्याची जात ओळख. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो सगळ्यांच्या लक्षात आहे. इथे भिवंडीत कामवारी नदी फुगली की तीनबत्तीच्या भाजीबाजारात, ईदगाहकडे, म्हाडा कॉलनीत पाणी शिरते, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते पाणी दिसते आणि ओसरतेही. पायाचे पाणी वेगळे. कोकणपट्टीत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. आणि तुझी जागा खाडीकाठची. खाजणाची चिकण माती पाणी पटकन घेत नाही आणि घेतलेले पटकन सोडतही नाही. पाऊस संपून दिवाळीचे आकाशकंदील लागले तरी ती ओलीच असते. वीट आणि काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून ही ओल वर चढते, भिंतीवर सुकते आणि सोबत आणलेला क्षार तिथेच सोडते. रंगाचे पोपडे निघतात, लोणा धरतो. लोक तो खरवडून पुन्हा रंग देतात. आतमध्ये खाडीचे मीठ सळईपर्यंत पोहोचले तर गंजाने सळई फुगते आणि काँक्रीट आतून फाटते. तिथे रंगाऱ्याचे काही चालत नाही.

तुझ्या घराला तळघर नाही, हे बरे झाले. जमिनीखाली मीटरभर उभे राहिलेले पाणी तळाच्या दर चौरस मीटरला एक टन जोराने वर ढकलते. म्हणूनच आतून फासलेला लेप टिकत नाही; पाणी त्याला मागून लोटत राहते. पडदा घालायचा तो पाण्याच्या बाजूने, म्हणजे बाहेरून.

मात्र जमिनीखालची पाण्याची टाकी तुझ्या नकाशात आहे, आणि तीच तुझे तळघर समज. तिला आतून लेप देतात तो आतले पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेरचे, त्यात शेजारच्या शोषखड्ड्याचे, आत येऊ नये यासाठी बाहेरूनही बिटुमेनची, म्हणजे डांबराची शीट लागते. आणि भर पावसात टाकी रिकामी ठेवू नकोस. भोवतीचा खड्डा पाण्याने भरला की रिकामी टाकी अख्खी वर उचलली जाते.

डांबर जमिनीत पुरण्याची कल्पना नवी नाही. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाला साडेचार हजार वर्षे होत आली. तिथे विटांच्या थरांमागे सुमारे तीन सेंटिमीटर जाडीचा डांबराचा थर सापडला. त्यांना पाणी आत धरायचे होते, तुला बाहेर ठेवायचे आहे. पण पाहण्याजोगी गोष्ट ही, की डांबर त्यांनी उघडे ठेवले नाही, दोन्ही बाजूंनी वीट होती. आपल्याकडे जोत्याला डांबर फासले की त्याच संध्याकाळी डंपर मागे घेऊन दगडगोट्यांसकट भराव ओततात. शीट चार मिलिमीटरची असो की दहा, टोकदार दगडाला ती पुरत नाही.

तेव्हा काम कसे व्हावे ते ऐक. जोत्याची बाहेरची बाजू गिलावा करून गुळगुळीत करून घ्यायची. भिंत आणि फुटिंग जिथे काटकोनात भेटतात तिथे गच्चीला मारतात तसा गोलसर वाटा मारायचा. काटकोनात दुमडलेली शीट तिथेच तडकते. गिलावा पुरता सुकल्यावर प्रायमर, मग बिटुमेनची शीट बर्नरने चिकटवायची. दोन शीटचा जोड बाजूने किमान शंभर मिलिमीटर, टोकाला दीडशे. जोडातून वितळलेल्या डांबराची बारीक धार बाहेर आली तर जोड बसला. नाही आली तर पुन्हा तापवायला लाव, तोंडदेखले 'झालं साहेब' ऐकून घेऊ नकोस. त्यावर फुगवट्यांचा प्लास्टिक ड्रेनबोर्ड किंवा अर्ध्या विटेची भिंत, आणि मगच निवडलेला मुरूम, थराथराने चोपून. फरशीखाली सोलिंगवर आधी कच पसरायची, तिच्यावर जाड, २५० मायक्रॉनचे प्लास्टिक, मग पीसीसी, म्हणजे साधे काँक्रीट. प्लास्टिकच्या कडा वर वळवून जोत्यावर भिंतीखाली असलेल्या ओलरोधक थराला (डीपीसी) भिडवल्या पाहिजेत, नाहीतर ओल त्या फटीतून खुशाल वर येते. ठेकेदाराने हुज्जत घातली तर भारतीय मानक ३०६७ त्याच्यापुढे ठेव. ओलप्रतिबंधाचे तपशील त्यात आहेत.

घराभोवतीही मीटरभर रुंदीची शीट जमिनीत पुरून घे, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि तिच्यावर प्लिंथ प्रोटेक्शनचे काँक्रीट. जमिनीत उघडलेली छत्रीच ती. छपराची पागोळी पायाशी मुरण्याऐवजी दूर जाऊन मुरते. याला खर्च कमी आणि गुण मोठा, असे मामाचे मत.

पायाशेजारी भोकांचा पाइप टाकून पाणी काढून देऊ, असे इंजिनीअर सुचवील. डोंगरउताराच्या घराला ते उत्तम. काल्हेरला पाइपाचे तोंड नाल्यात सोडले आणि उधाणाची भरती पावसात आली, तर तोच पाइप खाडीचे पाणी पायाशी आणून सोडेल. विहीरवजा खड्डा आणि पंप असेल तरच त्याच्या नादी लाग.

आता जोत्याची उंची; ती रस्त्यावर ठरते. ओलरोधक थर जमिनीपासून निदान दीडशे मिलिमीटर वर असावा, असे पुस्तकात आहे. पण जमीन जागच्या जागी राहील हे पुस्तकाने गृहीत धरले आहे. इथे रस्त्याचा जुना थर न खरवडता वर नवे डांबर, त्यावर पुढे काँक्रीट, मग बाजूने पेव्हर ब्लॉक. जुन्या चाळींत रस्त्यावरून घरात पायरी उतरून जावे लागते ते यामुळेच. ओलरोधक थर रस्त्याखाली गेला की त्याच्या डोक्यावरून माती भिंतीला टेकते. म्हणून आजचा रस्ता नव्हे, पंधरा-वीस वर्षांनंतरचा रस्ता धरून जोते उचल. दोन पायऱ्या जास्त झाल्याबद्दल ताई कुरकुरेल, तिची समजूत मामा घालेल.

शीटकडून भलती अपेक्षाही नको. २६ मे २०२५ ला मुंबई मेट्रोच्या वरळीतील आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले ते जमिनीतून झिरपून नव्हे. काम चालू असलेल्या प्रवेशद्वाराकडची पाणी अडवणारी भिंत कोसळली होती. तुझ्या घराचे तसे दार म्हणजे नळाची, सांडपाण्याची, विजेच्या केबलची भोके. शीट झाल्यावर प्लंबर छिन्नी घेऊन येतो आणि बिनदिक्कत भोक पाडतो. पाइप आधी बसवून त्यांच्याभोवती शीटची कॉलर करून घ्यायची.

फोटो तारखेसह काढून ठेव, आणि पायाचे शेवटचे बिल भरावाआधीच्या पाहणीशी जोडून घे. डंपर कधी येणार ते आदल्या दिवशी कळव. मामा येईल तेव्हा प्लंबरलाही बोलावून ठेव. पाइप कुठून काढायचे ते ठेकेदारासमोरच खडूने आखून घेऊ.

तुझा
मामा