चव बदलली की माल बिघडला?

सांभाळायला दिलेल्या वस्तूबद्दल जाब विचारला आणि समोरचा माणूस वस्तूकडे न बघता आपल्याच जिभेला दोष देऊ लागला, तर सावध व्हावं. नागपूरच्या एका दुकानदारानं माझ्याशी हेच केलं. आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. त्याचं नाव लिहीत नाही, पण झालं ते सगळं लिहितो, कारण अशी माणसं हीच युक्ती उद्या दुसऱ्यावर वापरणार.

जहाजावरच्या नोकरीत मला सिगारची गोडी लागली. पार्टागास सेरी डी नंबर 4 ही माझी आवडती, आखूड, जाड आणि चांगली कडक. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावला कायमचा परतलो तेव्हा तिचं पंचवीसचं खोकं सोबत आणलं. त्या वेळच्या बॅगेज नियमांत तेवढ्यालाच शुल्कमाफी होती. लगेच ओढायचं नाही, मुरू द्यायचं, असं ठरवलं होतं. सिगारच्या आत भरलेल्या पानांत झाडाच्या शेंड्याकडचं लिगेरो हे सगळ्यांत कडक. वर्षं गेली की त्यातला अमोनियाचा उग्रपणा उडतो, कडकपणा उतरतो आणि वेगवेगळ्या पानांचा स्वाद लोणच्यासारखा एकजीव होतो. त्यासाठी 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि 18 ते 21 अंशांच्या आसपास तापमान लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो आणि वीज ऐन दुपारी जाते. म्हणून खोकं नागपूरच्या त्या दुकानातल्या ह्युमिडोर, म्हणजे आर्द्रता राखणाऱ्या कपाटात ठेवलं. महिन्याचं भाडं ठरलं, पावत्या घेतल्या.

मधल्या काळात माझी आवड बदलत गेली, हे खरंच आहे. चहातली साखर सुटली, जेवणातला ठेचा कमी झाला. सिगारमध्येही डी फोरऐवजी त्याच मापाची पण सौम्य होयो द मोंतेरे एपिक्युर नंबर 2 बरी वाटू लागली. इंजिन रूममधल्या लॉगबुकची सवय असल्यानं हे सगळं तारखेसह वहीत लिहिलेलं आहे.

2024 च्या हिवाळ्यात खोकं घरी आणलं आणि पहिली सिगार पेटवली. ओढ इतकी सैल की जणू आत काही भरलेलंच नाही. एका बाजूनं भराभर जळत गेली, धूर तोंडाला पोळला आणि मागे जळक्या कागदाची कडू चव राहिली. दुसरीही तशीच. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, "साहेब, कोविड झाला होता नं तुम्हाला? त्याच्यानंतर लई लोकांची चव गेली. माल एक नंबर आहे. जीभ बदलली तुमची."

कोविडनं अनेकांची चव आणि वास गेला, हे खोटं नाही. म्हणून मी काही दिवस स्वतःवरच शंका घेतली. नंतर दुकानात समक्ष गेलो, तर तो गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "महागावात बसून क्युबाच्या मालातलं काय समजते?" हे मात्र जिव्हारी लागलं. आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते आणि त्यांचा पाइप साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होता. तंबाखूची पारख म्हणजे काही मोठ्या शहरांची मिरास नव्हे.

घरी येऊन शांतपणे विचार केला. माझी आवड कडकाकडून सौम्याकडे गेली होती. मुरलेली सिगारही कडकाकडून सौम्याकडेच जाते. म्हणजे ही डी फोर मला पूर्वीपेक्षा जास्त आवडायला हवी होती! चव बदलल्याचं कारण इथे लागूच पडत नव्हतं. एक सिगार उन्हात धरून फिरवली, तर वरच्या पानावर टाचणीनं टोचल्यासारखी गोल भोकं दिसली. ब्लेडनं उभी चिरली. आत आरपार बोगदा, तपकिरी भुगा आणि त्यात एक वाळलेला भुंगेरा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा.

तो मी ओळखला, कारण आमच्या महागाव-उमरखेड भागात हळद होते. पोत्यात राहिलेल्या हळकुंडाला हीच भोकं पडतात आणि आतून असाच भुगा निघतो. किडाही तोच, शास्त्रीय नाव लासिओडर्मा सेरिकॉर्नी. तंबाखूवर जगतो तसा हळदीवरही जगतो. महागावच्या माणसाला काय समजतं, याचं उत्तर मला महागावच्या हळदीनंच दिलं.

त्याची अंडी पानात आधीपासून असू शकतात. गारव्यात ती थंड पडून राहतात, पंचवीस अंशांच्या वर ऊब मिळाली की किडा वाढीला लागतो. 2020 च्या टाळेबंदीत दुकान आणि एसी दोन्ही बंद होते, हे दुकानदारानंच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. नागपूरचा एप्रिल-मे आणि बंद कपाट! मला एक फोन केला नाही. भाडं मात्र त्या महिन्यांचंही चोख वसूल केलं.

आता ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सांगतो.

कपाटावरच्या आर्द्रतामापकावर विसंबू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओलसर लगदा करा. तो आणि मापक एका हवाबंद डब्यात दिवसभर ठेवा. काटा 75 वर यायला हवा. जितका फरक, तितकी त्या मापकाची चूक.

खोक्याच्या तळाला कारखान्याची सांकेतिक अक्षरं आणि महिना-वर्ष यांचा शिक्का असतो. माल देताना पावतीवर तो उतरवून घ्या आणि फोटो काढा. परत घेताना प्रत्येक सिगार उजेडात फिरवून बघा, तिथेच, दुकानदारासमोर. ओढ सैल आणि जळण एकांगी असेल तर आधी भोकं शोधा, जिभेचा विचार नंतर करा.

जिभेबद्दल शंका असेल तर चांगल्या ठिकाणची ताजी सिगार आणा. ती आणि शंकेची, दोन्हींच्या पट्ट्या काढून, कुठली कोणती हे न कळता दुसऱ्या कुणाच्या तरी हातून घ्या. ताजी नीट लागली, तर जीभ शाबूत आहे.

व्यवहार लेखी ठेवा. ओळखीवर जाऊ नका.

सांभाळायला घेतलेल्या वस्तूची, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेणं बंधनकारक आहे. हे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 151 मध्ये आहे. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. नागपूरचे हेलपाटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची, ती चुकवू नका.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. ज्यांना सवय नाही त्यांनी हे वाचून सिगारच्या नादी लागू नये. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो. तंबाखूच्या खर्ऱ्यानं विदर्भात काय केलंय, ते आपण घरोघरी बघतोच.

माझ्या नोटिशीनंतर दुकानदारानं भाडं परत केलं. मालाची भरपाई नाही, दिलगिरीचा शब्द नाही, आणि माझी जीभ गेली असं तो अजून लोकांना सांगतो. चिरलेली सिगार, आतला भुंगेरा, पावत्या आणि माझी वही एका डब्यात बंद करून ठेवली आहे. यवतमाळच्या ग्राहक आयोगात हाच पुरावा देणार आहे.